कोणत्या जहाजाने जावे?

धर्मगुरूच्या दारी माणसे कोणकोणते प्रश्न घेऊन येतील याचा काही नेम नसतो. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले, नीतिशास्त्रातल्या गाठी कशा सोडवाव्यात तेही शिकविले. परंतु मुलाबाळांना घेऊन समुद्रपर्यटनाला निघालेल्या कुटुंबाने कोणत्या कंपनीचे जहाज निवडावे, हा प्रश्न त्या साऱ्या वर्षांत कोणा प्राध्यापकाने काढल्याचे आम्हांस स्मरत नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मात्र आमच्या डहाणूच्या धर्मग्रामातील एका दांपत्याने तोच प्रश्न आमच्या टेबलावर आणून ठेवला. अक्षरशः ठेवला, कारण त्याबरोबर चकचकीत माहितीपत्रकांचा एक गठ्ठाही होता.

पती येथील एका फुग्यांच्या कारखान्यात हिशेब लिहितात, पत्नी प्राथमिक शाळेत शिकविते. मुलगा नऊ वर्षांचा, त्याच वर्षी त्याचा प्रथम ख्रिस्तप्रसाद झालेला. धाकटी साडेचार वर्षांची. घरात आजी. लग्नाला पंधरा वर्षे होत आली तरी माहेर-सासर आणि वेलंकणीची एक यात्रा यांपलीकडे ही मंडळी कधी कोठे गेली नव्हती. पतीने गुपचूप पैसे साठविले होते आणि त्याच्या मनाने जहाज घेतले होते. “फादर, तुम्ही वाचता-बिचता, जरा बघून सांगा. मुलांसाठी चांगलं कुठलं?” तो म्हणाला. पत्नी माहितीपत्रकांकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत होती.

कबूल केलेच पाहिजे की आमचे पहिले उत्तर बरे नव्हते. एवढ्या पैशांत काय काय होऊ शकेल याचा एक छोटासा पाढा आम्ही वाचला. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. धर्मगुरूला घरभाडे नसते, मुलांच्या फिया नसतात, त्यामुळे दुसऱ्याच्या पैशांचा सदुपयोग त्याला फार लवकर सुचतो. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर पत्नी एकटीच आली. “फादर, तुम्ही नको म्हणा. तुमचं ते ऐकतील,” ती म्हणाली. कारण विचारले तेव्हा काही वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, “माझ्या बहिणीची मुलगी त्या बोटीवर होती.”

‘ती बोट’ म्हटले की डहाणूत अधिक विचारावे लागत नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन समुद्रात फेरीला गेलेली बोट किनाऱ्यापासून काही अंतरावर उलटली. मुलांच्या अंगावर जीवनरक्षक जाकिटे नव्हती. जवळपासच्या मच्छीमारांनी धाव घेऊन बहुतेकांना बाहेर काढले. तीन मुली गेल्या. आम्ही त्या वेळी या धर्मग्रामात नव्हतो, तरी येथे आल्यापासून त्या दिवसाची हकीकत आम्ही निदान वीस तोंडांनी ऐकली असेल. या बाईंची भाची वाचली. परंतु किनाऱ्यावर बराच वेळ कोणालाच नक्की सांगता येत नव्हते की बोटीवर मुले होती किती. “किती गेली हे सोडा फादर, किती चढली होती तेच कुणाला ठाऊक नव्हतं. बहीण प्रत्येक ओल्या पोरीचा चेहरा बघत फिरत होती.” तेव्हापासून ही बाई मुलांना बोर्डीच्या वाळूवर नेते, पाण्यात नेत नाही.

आता आमचीच पंचाईत झाली. पतीला ‘हो’ म्हणावे तर हिचे भय खोटे पाडल्यासारखे. हिला ‘हो’ म्हणावे तर त्याची पंधरा वर्षांची हौस मोडायची. आम्ही तिला एवढेच म्हटले की नाही म्हणण्यापूर्वी आपण नीट चौकशी तरी करू या.

आमच्याच धर्मग्रामातला एक गृहस्थ जहाजावर नोकरीस आहे. वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांत असा एखादा तरी जहाजी सापडतोच. गोव्यात त्याला ‘तारवटी’ म्हणतात. हा मोठमोठ्या प्रवासी जहाजांवर वेटर म्हणून लागला आणि पुढे काही वर्षे मुलांच्या भोजनगृहात होता. दोन करारांच्या मधल्या सुट्टीत तो घरी आला होता. एका संध्याकाळी त्याला आणि त्या दांपत्याला आम्ही पॅरिश हाऊसच्या ओसरीवर बोलाविले. घोलवडचे चिकू मध्ये ठेवले होते. माहितीपत्रके त्याने बाजूला सारली आणि चिकू सोलता सोलता बोलू लागला.

त्याचे म्हणणे असे की घसरगुंडी किती उंच आणि तलाव किती, यावर जहाज निवडू नये. मुलांचा विभाग सगळेच दाखवितात. विचारायचे ते दुसरेच. मुलांचे गट कोणत्या वयापासून पाडतात? डिस्ने कंपनीच्या जहाजांवर मुलांची मोठी खोली तिसऱ्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंतच्या मुलांना खुली असते. रॉयल कॅरिबियनवर तीन ते अकरा. अट मात्र दोन्हींकडे एकच, मुलाला स्वतः शौचाला जाता आले पाहिजे, लंगोट चालत नाही. त्याहून लहान बाळासाठी पाळणाघर असलेच तर त्याचे पैसे सहसा वेगळे पडतात. सहा महिन्यांच्या आतील बाळ तर जहाजावर घेतच नाहीत, आणि सहा महिने होत आलेल्या गरोदर स्त्रीलाही नाही. ही अट पुष्कळांना बंदरावर पोहोचल्यावर कळते.

“मग विचारा, मूल सोडताना आणि नेताना सही कोण करतं,” तो पुढे म्हणाला. चांगल्या जहाजावर आईबापांनी आधी नोंदविलेल्या माणसाखेरीज कोणाच्याही हाती मूल देत नाहीत. काही ठिकाणी सांकेतिक शब्दही विचारतात. शिवाय मुलाच्या मनगटावर एक पट्टा बांधतात. संकट आले तर कोणत्या जागी जमायचे त्या जागेची खूण त्या पट्ट्यावर असते, म्हणजे मूल जहाजाच्या दुसऱ्या टोकाला खेळत असले तरी तेथील माणसे त्याला नेमक्या जागी, आईबापांपाशी पोहोचवितात.

पट्ट्याचे नाव निघताच बाईंची मान प्रथमच वर झाली. “म्हणजे मोजतात?” तिने विचारले.

“मोजतात. खोलीत येताना मोजतात, जेवायला नेताना मोजतात, परत आणताना मोजतात. आम्हाला वेड लागायची पाळी येते.”

तलावाविषयी त्याने सावध केले. पाण्याशेजारी जीवरक्षक असतोच असे धरून चालू नये. रॉयल कॅरिबियनसारख्या बड्या कंपनीनेसुद्धा आपल्या जहाजांवर जीवरक्षक नेमले ते २०१७ साली. आणि लहान मूल बरोबर असेल तर सज्जाची खोली घेऊ नये, खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची घ्यावी. तेथे हेलकावेही कमी लागतात. अशा कितीतरी बारीक गोष्टी तो सांगत होता. आम्ही हे सर्व एका जुन्या बाप्तिस्मा-अर्जाच्या पाठीवर टिपून घेतले.

बाईंना मात्र सुटका हवी होती ती एकाच गोष्टीतून. एवढे मोठे जहाज बुडते काय? तो जहाजी खोटे बोलला नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रचंड प्रवासी जहाज खडकावर आदळून कलंडले, बत्तीस माणसे गेली. तारीख ऐकून आम्ही चमकलो. तेरा जानेवारी, डहाणूच्या बोटीच्या बरोबर सहा वर्षे आधी. त्या जहाजावर कामाला असलेला मुंबई परिसरातला एक ख्रिस्ती तरुण वेटर त्या बत्तिसांत होता आणि त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात सापडले. जहाजावर एक धर्मगुरूही होते, ते वाचले. त्या दिवशी वाटेतल्या बंदरावर जे शेकडो प्रवासी चढले होते त्यांना संकटकाळी कोठे जमावे हे अजून दाखविलेलेच नव्हते, कारण त्या काळच्या नियमाप्रमाणे ही कवायत चढल्यापासून चोवीस तासांत झाली तरी चालत असे. त्या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. २०१५ च्या आरंभापासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच ही कवायत झालीच पाहिजे. इंग्रजीत तिला मस्टर ड्रिल म्हणतात. “पुष्कळ लोक कंटाळा करतात, खोलीत लपून बसतात,” जहाजी म्हणाला. “तुम्ही बसू नका.”

आमच्या महाराष्ट्राला हा धडा परक्या समुद्रातून शिकावा लागण्याचे कारण नव्हते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली, तेव्हाही मृतांत लहान मुले होती.

बोलणे संपत आले होते. जहाजीने एक माहितीपत्रक उचलले. त्यावर तोंडे रंगविलेली पाच-सहा गोरी मुले हसत होती. तो त्याकडे बघत म्हणाला, “अशा पन्नास पोरांची नावं मला पाठ असायची, फादर. कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला दूध चालत नाही, सगळं. माझ्या मुलीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाला मी बार्सिलोनाच्या बंदरात होतो. तिच्या पायाचं माप मला तिची आई फोनवर सांगते. दरवेळी आणलेले बूट घट्टच होतात.”

कोणी काही बोलले नाही. आमच्या माहितीपत्रकात हे कोठेच छापलेले नव्हते. पोरे सांभाळणारी ही माणसे सलग सहा-सहा, आठ-आठ महिने घराबाहेर असतात आणि त्यांची स्वतःची पोरे दुसरेच कोणी सांभाळत असते. ख्रिस्तसभेने अशा दर्यावर्दींसाठी १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेले प्रेषितकार्य आज ‘स्टेला मारिस’ या नावाने बंदरोबंदरी चालते. जुलैचा दुसरा रविवार हा त्यांचा सागर रविवार. आम्ही तो रविवार आजवर एका ओळीच्या प्रार्थनेत उरकीत आलो होतो, हेही येथेच नमूद करतो.

मग प्रत्यक्ष निवडीला बसलो. परदेशी जहाजांवर मुलांचे कार्यक्रम निःसंशय भरगच्च. परंतु त्यासाठी सिंगापूर गाठायचे म्हणजे पाच विमानतिकिटे, आजीचा पासपोर्ट आणि साडेचार वर्षांच्या मुलीशी इंग्रजीत बोलणाऱ्या ताई. जी मुलगी शेजारच्या घरीसुद्धा आईचा पदर सोडीत नाही ती तेथे काय खेळणार? आमचे मत असे पडले की मुलाची भाषा ज्याला येत नाही त्याच्या खोलीत कितीही खेळणी असोत, मुलाला ती परकीच. मुंबईहून सुटणारे कॉर्डेलियाचे एम्प्रेस हे जहाज तेवढ्यासाठी आम्हांला सोयीचे वाटले. १९९० साली फ्रान्समधील सँ-नाझेर येथे बांधलेले, लांबी दोनशे अकरा मीटर. पूर्वी ते रॉयल कॅरिबियनकडे होते आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून आपल्या किनाऱ्यावर फिरू लागले. आजींनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाल्या, “तेच ना ते, बातम्यांतलं?” त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमली पदार्थांच्या कारवाईमुळे त्याचे नाव देशभर गाजले होते ते आजी विसरल्या नव्हत्या. जहाजावर मुलांची खोली आहे, तलाव आहे, चढाईची भिंत आहे. तसाच जुगाराचा अड्डाही आहे. तो प्रौढांसाठी. आमच्या मते मुलांच्या खोलीची आईबापांनी सर्वांत जास्त काळजी करावी ती याच ठिकाणी: आपण मुलाला तेथे त्याच्या आनंदासाठी सोडतो आहोत की आपल्या मोकळिकीसाठी? दिवसातले दोन तास मूल आपल्या वयाच्या मुलांत रमले तर ते छानच. परंतु सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत मूल ठेवून घेणारी सोय ही ज्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत असते, ती जाहिरात मुलांसाठी लिहिलेली नसते.

मिस्साचा प्रश्न आजींनीच काढला. कोस्टासारख्या काही कंपन्यांच्या जहाजांवर धर्मगुरू असतात, सर्वत्र नसतात. तेव्हा रविवार घरी पडेल अशी दोन रात्रींची गोव्याची फेरी धरावी असे ठरले. महिना डिसेंबरचा, समुद्र शांत असतो तो. आणि पैसे भरण्यापूर्वी कर, बंदराचे शुल्क, जहाजावरची बक्षिसी हे सर्व धरून एकूण आकडा लेखी घ्यावा, असे हिशेबनीस पतीने स्वतःच सुचविले. बाईंनी होकार दिला असे म्हणता येणार नाही. त्या म्हणाल्या, “कवायतीत मला नाही पटलं तर मी मुलांना घेऊन खाली उतरेन.” पतीने ते मान्य केले.

पहाटेच्या डहाणू लोकलने ती मंडळी निघाली. मुंबईच्या इंदिरा गोदीतील २०२५ च्या सप्टेंबरात उद्घाटन झालेल्या नव्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर मुलाने आयुष्यात प्रथमच सरकता जिना पाहिला आणि जहाजापेक्षा त्याचेच वर्णन आमच्यापाशी अधिक केले. धाकटीचे काय झाले? ती मुलांच्या खोलीत दहा मिनिटेही राहिली नाही. आजी दारापाशी खुर्ची टाकून बसल्या तेव्हा कोठे अर्धा तास रंगविण्यात गेला. एवढ्या चौकशा करून निवडलेल्या त्या खोलीचा उपयोग तो तेवढाच! मुलगा मात्र दोन्ही दिवस दुपारी तेथे होता आणि कागदाचा एक सुरमई घेऊन आला आहे. तो सुरमई सध्या आमच्या कपाटावर आहे.

बाईंना आम्ही कवायतीविषयी विचारले. जाकिटे बांधून सारी उभी होती, उकडत होते, धाकटी रडत होती. मग एका मुलाने हातात यादी घेऊन एकेकाची नोंद पाहिली. “आमच्या पाचही जणांचं त्याने बघितलं, फादर. तिच्याकडे वाकून तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं नाही. तर थांबला तो. सांगेपर्यंत थांबला.” त्या रात्री आपण झोपलो, असे त्या म्हणाल्या.

जानेवारीत आमच्या धर्मशिक्षण वर्गाची सहल असते. डहाणूची मुले आणि तलासरीकडील पाड्यांवरची मुले आम्ही एकत्र नेतो. तलासरी तालुक्याला समुद्र आहे, पण झाईच्या चिमुकल्या किनाऱ्यापुरताच. पाड्यांवरच्या कित्येक मुलांनी तो पाहिलेला नसतो. समुद्र त्यांच्या घरी वेगळ्या वाटेने येतो. त्यांचे बाप, काका हंगामात ओखा, वेरावळ, पोरबंदर येथील मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून जातात. नौका कधी अदृश्य सागरी सीमेपलीकडे गेली की पाकिस्तानी यंत्रणा ती पकडते, आणि मग घरची माणसे वर्षानुवर्षे कराचीच्या तुरुंगातून येणाऱ्या चिठ्ठीची वाट पाहतात. आमच्या दोन तालुक्यांतील असे खलाशी तेथे राहून आले आहेत, काही तेथेच वारले.

या वर्षी बोर्डीच्या सहलीला त्या बाई मदतीला आल्या; पूर्वी कधी आल्या नव्हत्या. ओहोटी होती. त्यांच्या मुलाने जहाजाच्या गोष्टी सांगून सर्वांचे कान किटविले, तेव्हा पाड्यावरच्या एका मुलाने विचारले, “किती मोठा होता?” मग दोघांनी वाळूत रेघ मारून पावले टाकायला सुरुवात केली. आम्ही सांगितले होते दोनशे अकरा मीटर. त्यांची पावले लहान, त्यामुळे तीनशेच्या पुढे मोजत ती सुरूंच्या झाडांपर्यंत गेली आणि मागे सारी पलटण. शेवटची रेघ मारून झाल्यावर पाड्यावरचा मुलगा थोडा थांबला, मग त्याच रेघेपासून त्याने वीस पावले मागे टाकली आणि दुसरी रेघ मारली. “माझ्या बाची बोट हवढी,” तो म्हणाला. त्याचा बाप ओखाच्या बाजूला होता. दिवाळीनंतर फोन आलेला नव्हता.

कोणी तरी होडीत बसण्याचा हट्ट धरला. आम्ही नाही म्हटले. मुलांनी घोटाभर पाण्यात उड्या मारल्या. धाकटीला हाताशी धरून बाईही घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या.

निघताना बसच्या दारात त्या आमच्याआधी जाऊन उभ्या राहिल्या. हातात यादी होती. प्रत्येक मुलाचे नाव घ्यायचे, त्याने “आलो” म्हणायचे, मगच पायरी चढायची. सिस्टर आणि आम्ही आमच्या सवयीने नुसती डोकी मोजीत होतो. बाईंची संख्या सेहेचाळीस भरली, आमची पंचेचाळीस. सर्वांना खाली उतरवून पुन्हा नावे घेतली. आमची मोजणी चुकली होती. पाड्यावरची एक लहानगी मागच्या बाकावर सिस्टरांच्या पिशव्यांआड झोपली होती. बाईंनी तिला हलवून उठविले, तिच्याकडून “आले” म्हणवून घेतले आणि मग चालकाला गाडी काढावयास सांगितली.